मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर: दुखणं येतं कुठून आणि ते आवाक्यात कसं ठेवायचं

मूळव्याधीचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा चारच ओळी असतात. गोळ्या वेळेवर घ्या, कोमट पाण्यात बसा, पोट साफ ठेवा, तिखट खाऊ नका. चारही गोष्टी बरोबर आहेत. पण त्या का करायच्या, कधी करायच्या आणि चुकल्या तर काय होतं, हे कार्डावर मावत नाही. आणि जागाच अशी अवघड की विचारायला जीभ रेटत नाही. बायकांचं तर आणखी कठीण. कित्येक जणी घरात "पोटाचं छोटं ऑपरेशन" एवढंच सांगतात आणि तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभ्या असतात. मग दुखायला लागलं की जो तो आपापला उपाय शोधतो. कुणी जेवणच कमी करतं, म्हणजे संडासला जायला नको. कुणी घरात उरलेली कसलीतरी गोळी घेतं. कुणी नुसतंच दात-ओठ खाऊन सोसतं. यातला बराचसा त्रास टाळता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी मुळात दुखतं का, ते पाहू.

गुदमार्गाच्या आत आपल्या सगळ्यांनाच रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या असतात. वायू आणि पातळ मल धरून ठेवायला त्यांची मदत होते. त्या फुगल्या, खाली सरकल्या, त्यातून रक्त यायला लागलं की आपण मूळव्याध म्हणतो. गुदद्वाराच्या कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. या रेषेच्या वरच्या अस्तराला कापल्याची किंवा टोचल्याची वेदना जवळपास कळत नाही. तिथे फक्त जडपणा, दाब जाणवतो. रेषेच्या खाली मात्र त्वचा आहे, आणि तिथे संवेदना नेणाऱ्या नसांचं जाळं फार दाट आहे. ऑपरेशननंतर किती दुखणार याचं निम्मं उत्तर या एका रेषेत आहे: जखम रेषेच्या वर आहे की खालपर्यंत आली आहे?

उरलेलं निम्मं उत्तर स्नायूत आहे. गुदद्वाराभोवती दोन वर्तुळाकार स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो, आतला नसतो. जखम झाली की हा आतला स्नायू आपोआप आवळला जातो आणि आवळलेलाच राहतो. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा आपण काहीही केलेलं नसताना स्नायू दगड होतो आणि कळ सहन होत नाही. इथे तसाच गोळा ताज्या जखमेभोवती येतो. आवळलेल्या स्नायूमुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो, दुखणं वाढतं. दुखतं म्हणून माणूस शौच अडवून धरतो. अडवलेला मल आतड्यात पाणी गमावून घट्ट होतो. मग तो घट्ट खडा जखमेवरून जातो आणि पुन्हा कळ, पुन्हा आवळणं. पहिल्या दहा दिवसांतला बहुतेक त्रास या चक्राचा असतो. गोळी, मलम, कोमट पाणी, ईसबगोल ही सगळी हे चक्र वेगवेगळ्या ठिकाणी तोडायची साधनं आहेत. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप सुसंगत वाटू लागतं.

कुठल्या उपायानंतर किती दुखतं

"माझ्या मेहुण्याला तर दुसऱ्या दिवशी काहीच झालं नव्हतं" हे वाक्य ऐकून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. मेहुण्याचं काय केलं होतं ते आधी विचारा.

मोडाच्या, म्हणजे फुगून खाली आलेल्या गादीच्या, मुळाशी रबर बँड बसवणं हा ओपीडीत होणारा उपाय आहे. बँड रेषेच्या वर बसतो, त्यामुळे कापल्यासारखं दुखत नाही. एक-दोन दिवस जडपणा राहतो आणि सतत संडासला लागल्यासारखं वाटतं. ती भावना खोटी असते. तिच्यामागे लागून कुंथत बसू नये. बँडसकट मोड पाच ते दहा दिवसांत गळून पडतो, तेव्हा थोडं रक्त दिसू शकतं. पण बँड बसवल्याबसवल्या तीव्र कळ आली, तर तो रेषेच्या फार जवळ बसलेला असू शकतो. अशा वेळी घरी निघून न जाता तिथल्या तिथे सांगावं. बँड काढता येतो.

मोड कापून काढण्याचं ऑपरेशन सगळ्यांत जास्त दुखतं. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या मिलिगन आणि मॉर्गन या सर्जननी १९३७ मध्ये मांडलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. तिच्यात जखमा मुद्दाम उघड्या ठेवतात. त्या तळापासून वर भरत येतात. दोन जखमांच्या मध्ये चांगल्या त्वचेची पट्टी राखतात, नाहीतर भरताना मार्ग अरुंद होईल. घरी आरशात पाहिलेली उघडी जखम म्हणजे "टाके तुटले" असं नसतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. काही पद्धतींत जखम टाके घालून बंद करतात. त्या टाक्यांपैकी एखादा पाच-सात दिवसांनी सुटणंही नेहमीचं आहे.

स्टेपलरच्या उपायात यंत्राने आतल्या अस्तराची गोल पट्टी कापून, टाचण्या मारून मोड वर ओढून घेतात. तो रेषेच्या वर होतो, म्हणून सुरुवातीला कमी दुखतो. पण ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ७७७ रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असं दिसलं की पहिल्या काही आठवड्यांत स्टेपलरवाले जास्त आरामात होते, तरी पुढे दोन वर्षांच्या हिशेबात कापून काढलेल्यांची अवस्था सरस होती. त्रास परत येण्याचं प्रमाण स्टेपलरमध्ये जास्त होतं. लेसरचंही साधारण असंच. भिंतींवर आणि रिक्षांच्या पाठीवर "वेदनारहित" असं लिहिलेलं असतं, ते वाचून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सूज आणि ठणक घेऊन बसतो तेव्हा त्याला आपलं काहीतरी बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं नसतं. लेसरनंतर कापून काढण्यापेक्षा कमी दुखतं, इतकंच खरं आहे. आयुर्वेदिक दवाखान्यात क्षारसूत्राने, म्हणजे क्षाराचा लेप दिलेल्या दोऱ्याने, मोड बांधला असेल तर तो गळून पडेपर्यंतचे काही दिवस त्रासाचे असतात, आणि पुढची काळजी इथे सांगितली आहे तशीच.

पहिली रात्र

ऑपरेशन बहुधा कमरेत मणक्यातून भूल देऊन होतं, आणि शेवटी सर्जन त्या जागी जास्त वेळ टिकणारं बधिर करण्याचं औषधही टोचतात. त्यामुळे पहिले काही तास माणूस आश्चर्यकारक मजेत असतो. भेटायला आलेल्यांशी गप्पा मारतो, "मला तर काहीच दुखत नाही" म्हणतो आणि संध्याकाळची गोळी नको म्हणून बाजूला ठेवतो. इथेच गडबड होते. बधिरपणा उतरतो तो बहुधा रात्री, आणि तेव्हा पोटात काहीच औषध नसतं. वेदना शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी अर्धा-पाऊण तास काहीच करत नाही, आणि तेवढ्यात स्नायू आवळून बसलेला असतो. म्हणून पहिली गोळी दुखायच्या आधी घ्यायची.

त्याच दिवशी लघवीकडे लक्ष ठेवा. मणक्यातली भूल आणि खालचं दुखणं या दोन्हींमुळे लघवी तुंबू शकते, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांना. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही आणि ओटीपोट ताणल्यासारखं वाटलं तर नर्सला किंवा डॉक्टरांना सांगा. वाट पाहण्यात अर्थ नाही. नळ सोडून ठेवणं, उभं राहून प्रयत्न करणं, कोमट पाण्यात बसून तिथेच लघवी करणं, या साध्या युक्त्या पुष्कळदा चालतात. नाही चालल्या तर नळी घालून लघवी काढतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं पुढच्या दोन-तीन दिवसांत झालं तर ते भुलीच्या सुईमुळे असू शकतं. हेही सांगायचं.

गोळ्यांचं गणित

पायाभूत औषध म्हणजे पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने ५०० ते १००० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, आणि दिवसभरात ४ ग्रॅमपेक्षा कधीही जास्त नाही. वजन कमी असेल, वय जास्त असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर मर्यादा याहून खाली, ती डॉक्टरांनी ठरवायची. आपल्याकडे नेमकी चूक होते ती जोडगोळ्यांमुळे. डोलो ६५० मध्ये ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे हे नाव सांगतंच. पण कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेनच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं आणि झिरोडॉल-पी मधला "पी" म्हणजेसुद्धा तेच. डॉक्टरांनी दिलेली एक, मेडिकलवाल्याने सुचवलेली दुसरी आणि घरातली तिसरी, अशा तिन्ही चालू असल्या तर माणूस नकळत एकच औषध तीन नावांनी घेत असतो. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचून एका कागदावर बेरीज करा.

सूज उतरवणाऱ्या गोळ्या (आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक) पॅरासिटामॉलच्या जोडीने दिल्या तर चांगल्या लागू पडतात. पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, दमा, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्या स्वतःहून घेऊ नयेत. रिकाम्या पोटी तर नकोच.

याहून कडक म्हणजे ट्रॅमाडॉलसारखी गोळी. ती दुखणं थांबवते, पण बद्धकोष्ठ करते, मळमळ आणते आणि गुंगी आणते. म्हणजे एका हाताने चक्र तोडते आणि दुसऱ्या हाताने ते पुन्हा जोडते. पहिले दोन-तीन दिवस, बाकी औषधांनी भागत नसेल तरच, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध असलंच पाहिजे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने ट्रॅमाडॉल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

पहिले तीन-चार दिवस गोळ्या घड्याळ पाहून घ्या, दुखणं पाहून नाही. आणि त्यातली एक गोळी रोजच्या संडासच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असं वेळापत्रक बसवा. सकाळी सातला जायची सवय असेल तर सव्वासहाला दोन बिस्किटं आणि गोळी. इतक्या साध्या बदलाने पहिल्या आठवड्यातल्या सकाळी बदलतात, आणि तरीही हे फार थोड्या रुग्णांना कुणी सांगतं, याचं मला वाईट वाटतं.

मलमांचं काम वेगळं असतं. लिग्नोकेनची जेली जागा बधिर करते. शौचाच्या पाच-दहा मिनिटं आधी बोटाने कडेला लावावी. डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम आतल्या आवळलेल्या स्नायूला सैल करतं, म्हणजे ते दुखण्याच्या कारणावरच काम करतं. नायट्रोग्लिसरीनने डोकं दुखू शकतं, आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेणाऱ्यांनी ते मुळीच वापरू नये. मेट्रोनिडाझोलच्या मलमानेही ऑपरेशननंतरचं दुखणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. ही सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची औषधं आहेत, तुमच्या चिठ्ठीत ती नसली आणि गोळ्यांनी भागत नसलं तर "स्नायू सैल करणारं मलम चालेल का?" असं थेट विचारा. ताज्या जखमेवर हळद, तुरटी, कोरफड किंवा घरगुती लेप मात्र काहीही लावू नका. स्टिरॉइड असलेली मलमंही मनाने आणून आठवडेच्या आठवडे लावू नयेत, त्वचा पातळ होते.

परातीतलं पाणी

कोमट पाण्यात बसल्याने जखम लवकर भरते असं ठामपणे म्हणता येत नाही. पण स्नायू सैल पडतो आणि त्या दहा मिनिटांत जो आराम मिळतो तो खरा असतो. मेडिकलच्या दुकानात कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब मिळतो, तो सगळ्यांत सोयीचा. नसेल तर मोठी परात किंवा पसरट टब, ज्यात बूड नीट टेकेल आणि पाणी जखमेपर्यंत येईल. ते भांडं फक्त याच कामाला ठेवायचं. पाणी कोपर बुडवून पाहायचं. अंगाला सुखद लागेल इतपतच गरम. भुलीचा बधिरपणा पूर्ण गेल्याशिवाय बसायचं नाही, कारण भाजलेलं कळत नाही. दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक शौचानंतर.

पाण्यात काही घालायची गरज नसते. डॉक्टरांनी पोटॅशियम परमँगनेट सांगितलं असेल तर पाणी फिकट गुलाबी दिसेल इतकेच कण टाका आणि ते पूर्ण विरघळू द्या. जांभळं गडद पाणी किंवा न विरघळलेला कण त्वचा भाजतो. उठताना सावकाश उठा. गरम पाणी, रिकामं पोट आणि गोळ्यांची गुंगी या तिन्हींनी चक्कर येऊ शकते, म्हणून पहिले दोन दिवस न्हाणीघराची कडी आतून लावू नका. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका.

एकच न्हाणीघर असलेल्या घरात दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं आत बसणं सोपं नसतं, विशेषतः सुनेला किंवा पाहुणी म्हणून राहणाऱ्या आजीला. घरातल्या कुणीतरी एकाने हे वेळापत्रक आपणहून ठरवून द्यावं आणि पाणी तापवून ठेवावं. रुग्णाला मागायला लागू नये.

पहिल्यांदा संडासला जाणं

सगळ्यांत जास्त भीती याचीच असते, आणि ती रास्त आहे. पहिली वेळ दुखते. पण किती दुखेल ते आदल्या दोन दिवसांत ठरलेलं असतं.

लॅक्टुलोजसारखं औषध काम करायला एक ते दोन दिवस घेतं. म्हणजे ते ऑपरेशनच्या दिवशी, शक्य तर आदल्या रात्रीपासूनच चालू व्हायला हवं. तिसऱ्या दिवशी पोट गच्च झाल्यावर आणलेली बाटली उशिरा आलेली असते. ईसबगोलचं भूस चांगलंच, आणि ते आपल्या शेजारच्या गुजरात-राजस्थानात पिकतं; पण ते पाण्याशिवाय काम करत नाही. एक-दोन चमचे भूस पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच भूस आत घट्ट गोळा होऊन बसतं. बाकीच्या औषधांपासून ते दोनेक तास दूर ठेवा.

जुलाबाचं कडक औषध, एरंडेल, सोनामुखीचे जोरदार चूर्ण हे नको. दिवसातून सहा वेळा पाण्यासारखं होणं जखमेला खड्याइतकंच जाचतं, आणि आग आग होते. हवा आहे तो मऊ, आकार असलेला मल. तो जखमेवरून सहज जातो आणि भरत येणारा मार्ग अरुंद होऊ देत नाही.

बहुतेकांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी लागतं. लागलं की लगेच जा, थांबवू नका. गोळी घेतलेली असावी, जेली लावलेली असावी. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात, मार्ग सरळ होतो आणि जोर लावावा लागत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात ही बैठक आपोआप मिळते, फक्त तिथे फार वेळ बसू नका. श्वास रोखून कुंथायचं नाही. तोंड किंचित उघडं ठेवून, फुंकर घालतो तसा श्वास सोडत राहा, पोट पुढे येऊ द्या. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, चार फेऱ्या मारा, पुन्हा जा. मोबाइल बाहेर. पाण्याच्या पाइपचा जोराचा फवारा जखमेवर मारू नका. मगने हळू पाणी सोडा आणि थेट कोमट पाण्याच्या टबात बसा. थोडं लाल पाणी दिसेल. मल संपताना कळ येते आणि ती दहा-वीस मिनिटांत ओसरते.

तिसरा दिवस संपला तरी झालंच नाही, तर डॉक्टरांना फोन करायचा. आणि एक गोष्ट फसवते: आत घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी गळत राहतं. माणसाला वाटतं जुलाब झाले, म्हणून तो जुलाब थांबवायची गोळी घेतो. गुदद्वारात सतत भरल्यासारखं वाटत असेल आणि नुसतं पाणीच गळत असेल तर ती गोळी न घेता डॉक्टरांकडे जा.

खाणं

उपाशी राहून संडास टळत नाही, नुसता तो घट्ट होतो. पहिल्या दिवशी मूगडाळीची खिचडी, ताक, सूप. दुसऱ्या दिवसापासून ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, दुधी, पडवळ, वरण, पपई, पेरू, भिजवलेले मनुके आणि अंजीर. दिवसभरात आठ-दहा पेले पाणी, जर डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर. चोथ्याचं (फायबरचं) महत्त्व पुढेही संपत नाही. मूळव्याधीच्या रुग्णांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा चोथा वाढवल्याने रक्त पडण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलेलं दिसलं.

तिखटाबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. इटलीत केलेल्या एका प्रयोगात मूळव्याधीच्या रुग्णांना मिरचीची कॅप्सूल देऊन पाहिली, त्यांचा त्रास वाढला नाही. म्हणजे मिरचीने मूळव्याध होते, हे सिद्ध नाही. पण ऑपरेशननंतरची गोष्ट वेगळी. आपल्या नागपुरातच यावर अभ्यास झाला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला: ऑपरेशननंतर लाल मिरची खाणाऱ्यांना दुखणं आणि आग जास्त झाली. कारण सरळ आहे. मिरचीतला तिखट घटक सगळाच पचत नाही, आणि जिभेवर जळजळ ओळखणाऱ्या ज्या संवेदक पेशी आहेत तशाच त्या खालच्या त्वचेतही आहेत. तेव्हा जखम भरेपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, ठेचा, तर्री आणि मिसळ बाजूला. आयुष्यभरासाठी नाही.

काय चालतं, काय चालत नाही

कापून काढलेल्या ऑपरेशननंतर साधारण असं घडतं: पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट, आठवडाभराने निम्मा त्रास, दोन आठवड्यांनी बसता-उठता येतं, आणि जखम पूर्ण भरायला चार ते सहा आठवडे. मधुमेह असेल तर जास्त, म्हणून साखर ताब्यात ठेवा. दोन-तीन आठवडे पिवळसर-पांढरट ओलावा येत राहतो. त्यासाठी सॅनिटरी पॅड सगळ्यांत सोपं, पुरुषांनीही लाजू नये. भरताना खाज येते. कडेला सूज आणि छोटे कातडीचे फुगवटे दिसतात, ते बहुतेक बसतात. सुरुवातीला वायू रोखता न येणं किंवा किंचित ओलसर होणं हेही पुष्कळांना होतं आणि आठवड्यांत सुधारतं.

एक दिवस मात्र सगळ्यांना सांगून ठेवावा असा. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे बरं वाटायला लागल्यावर, जखमेवरची खपली सुटताना अचानक रक्त येऊ शकतं. शंभरातल्या एखाद-दोघांनाच ते जोराचं असतं, पण असतं. म्हणून दोन आठवडे लांबचा प्रवास, जड वजन, गॅसचा सिलिंडर उचलणं, कपड्यांची बादली जिन्यावरून नेणं टाळावं. रक्त पातळ करणारं अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन बंद केलं असेल तर ते परत कधी चालू करायचं, हे सर्जननेच सांगायला हवं. आपण ठरवायचं नाही.

डाग, थेंब, मलाला लागलेलं रक्त यात काळजी नाही. पण गाठी पडत असतील, पॅड तासाभरात भिजत असेल, चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इमर्जन्सीत जायचं. शंभरच्या वर ताप, दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत जाणारं दुखणं आणि लघवीला अडचण, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर ती खोल जंतुसंसर्गाची असू शकतात. हे क्वचित घडतं, पण जिवावर बेततं, आणि साध्या बँडनंतरही घडू शकतं. "बँडच तर लावलाय" म्हणून घरी थांबू नका.

बसायला मधे भोक असलेली रबरी रिंग पुष्कळ जण आणतात. अनेक सर्जन ती नको म्हणतात, कारण तिच्यात जागा खाली लोंबते आणि ताण येतो. साधी मऊ उशी चांगली. चालणं पहिल्या दिवसापासून, घरातल्या घरात का होईना. बँडनंतर एक-दोन दिवसांत कामाला जाता येतं, लेसर किंवा स्टेपलरनंतर आठवडाभर, कापून काढल्यावर दोन ते तीन आठवडे. आपल्या रस्त्यांवर दुचाकी हा वेगळाच प्रश्न आहे. खड्ड्यात आपटल्यावर कळ येणार नाही आणि अचानक ब्रेक दाबता येईल, एवढं झाल्यावरच चालवा. गुंगीची गोळी घेऊन तर नाहीच. रजेसाठी साहेबांना कारण सांगायला संकोच वाटत असेल तर प्रमाणपत्रावर "शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती" एवढं लिहून मिळतं.

पुढच्या महिना-दोन महिन्यांत दोन गोष्टींवर नजर हवी. मल पेन्सिलीसारखा बारीक येऊ लागला आणि दर वेळी जोर लावावा लागला, तर भरताना मार्ग आक्रसला असू शकतो. लवकर दाखवलं तर तो साध्या उपायाने रुंद करता येतो. आणि जखम भरल्यानंतरही शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखी कळ राहिली तर तिथे चीर पडलेली असू शकते, तिचा इलाज वेगळा आहे. काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल तर तो रिपोर्ट मागून घ्या आणि वाचून घ्या. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला, किंवा घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असेल त्याला, काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिसलं तर ते मूळव्याधीचंच असेल असं गृहीत न धरता दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी.